जागल्याचा मृत्यू आणि लोकसंशय : एक विवेचन

प्रस्तावना

संस्थेतील वा उद्योगातील गैरव्यवहार उघड करणाऱ्या व्यक्तीस इंग्रजीत ‘व्हिसलब्लोअर’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी त्यासाठी ‘जागल्या’ हा शब्द रूढ केला आहे. गावगाड्यातील जागल्या रात्री गस्त घाली, चोराची चाहूल लागताच गावास सावध करी आणि गाव त्याच्यामागे उभे राही. आजचा जागल्या मात्र बहुधा एकटा असतो. ज्यांच्याविरुद्ध तो बोलतो, त्यांच्याच नोकरीत वा त्यांच्याच प्रभावाखालील परिसरात त्याला राहावे लागते. त्यामुळे त्याचा अकाली मृत्यू झाल्यास समाजमनात संशय उत्पन्न होतो. हा संशय कशातून निर्माण होतो, कशामुळे टिकतो व कशाने मिटतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कोणाही व्यक्तीस वा कंपनीस दोषी ठरविणे हा लेखाचा हेतू नाही.

संशयाचे तीन प्रश्न

लोकसंशय हा एकजिनसी नसतो. त्यात तीन वेगवेगळे प्रश्न असतात.

पहिला प्रश्न, मृत्यू कसा झाला? बोइंग कंपनीतील माजी गुणवत्ता व्यवस्थापक जॉन बार्नेट यांचे मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील चार्ल्सटन येथे निधन झाले. त्या वेळी कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांची साक्ष चालू होती. ओपनएआय कंपनीच्या कार्यपद्धतीवर जाहीर टीका करणारा भारतीय वंशाचा तरुण संशोधक सुचिर बालाजी नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील घरी मृतावस्थेत आढळला. दोन्ही प्रकरणांत तेथील यंत्रणांनी आत्महत्येचा निष्कर्ष काढला. बालाजीच्या आई-वडिलांना तो मान्य झाला नाही.

दुसरा प्रश्न, मारणारा कोण? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरप्रकारांविषयी पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहिले. आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती त्यांनी केली होती. तथापि ते पत्र नावासह निरनिराळ्या कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. सीबीआयने हा लूटमारीचा प्रकार ठरविला व २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली, परंतु कुटुंबीयांचे समाधान झाले नाही.

तिसरा प्रश्न, मारणाऱ्याच्या पाठीशी कोण? मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी परिसरात जिवंत जाळण्यात आले. ते कंपनीचे कर्मचारी नव्हते; परंतु हे प्रकरण खान्देशाच्या उंबरठ्यावर घडले आणि इंधन-भेसळीच्या व्यवसायाशी निगडित होते, म्हणून येथे महत्त्वाचे ठरते. घटना भरदिवसा घडली असल्याने मृत्यूच्या स्वरूपाविषयी शंका नव्हती. असा धंदा राजरोस चालतो तो कोणाच्या अभयाने, हा लोकांचा प्रश्न होता. राज्यभरातील शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवून निषेध नोंदविला, त्यामागे हीच भावना होती.

सतीश शेट्टी प्रकरण

महाराष्ट्रात उद्योगविषयक तक्रार आणि तक्रारदाराचा मृत्यू यांचा संबंध सर्वाधिक चर्चिला गेला तो सतीश शेट्टी यांच्या प्रकरणात. शेट्टी हे तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते होते. आयआरबी इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीच्या समूहाशी संबंधित मावळ तालुक्यातील जमीन व्यवहारांबाबत त्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये लोणावळा येथे फिर्याद दिली. त्यानंतर त्यांनी पोलीस संरक्षणही मागितले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांच्यावर धारदार शस्त्रांनी हल्ला होऊन त्यांचा मृत्यू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली व तपास सीबीआयकडे गेला. कंपनीने आरोप नाकारले. २०१४ मध्ये पुराव्याअभावी तपास बंद करण्याचा अहवाल सादर झाला. २०१६ मध्ये दोन पोलीस अधिकाऱ्यांना अटक झाली. मुदतीत आरोपपत्र दाखल न झाल्याने त्यांना जामीन मिळाला आणि २०१८ मध्ये पुन्हा तपास बंद करण्याचा अहवाल देण्यात आला.

येथे एक बाब लक्षणीय आहे. जमीन व्यवहारांच्या प्रकरणात सीबीआयने छापे घातले ते जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे फिर्यादीनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने. मृत्यूचा तपास आणि मृताने केलेल्या तक्रारीचा तपास ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. दुसरे रेंगाळले, की पहिल्याच्या प्रामाणिकपणावर लोकांचा विश्वास बसत नाही. तक्रारदाराबरोबर तक्रारही संपली, असे दिसताच ‘याचा लाभ कोणास झाला?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. त्यात निर्दोष असणाऱ्यांचेही नुकसान होते, कारण त्यांनाही निर्दोषत्वाचा निर्णय मिळत नाही.

याउलट इंडियन ऑइलचे विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांच्या प्रकरणात संशय फार काळ टिकला नाही. भेसळ करणाऱ्या पेट्रोल पंपावर कारवाई केल्यामुळे नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी जिल्ह्यात त्यांची हत्या झाली. सहाध्यायांनी न्यास स्थापून खटल्याचा पाठपुरावा केला. मुख्य आरोपीस २००७ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती २००९ मध्ये जन्मठेपेत परिवर्तित झाली व २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. हत्येचा हेतू न्यायालयात सिद्ध झाला आणि तर्कवितर्कांस जागा उरली नाही.

कायद्याची चौकट

दुबे यांच्या हत्येनंतर केंद्र शासनाने एप्रिल २००४ मध्ये ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगास तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याचे दायित्व दिले. पुढे जागल्या संरक्षण अधिनियम, २०१४ संमत झाला. परंतु तो अद्याप अमलात आलेला नाही. शिवाय त्याचा रोख लोकसेवकांच्या गैरवर्तनावर आहे. खाजगी उद्योगातील कर्मचाऱ्यास त्याचा थेट आधार नाही. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ नुसार सूचिबद्ध व अन्य विहित कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. मात्र ती कंपनीच्याच अंतर्गत असते. लहान खाजगी आस्थापनांतील हिशेबनीस या चौकटीबाहेरच राहतो.

खान्देशातील संदर्भ

जळगाव घरकुल प्रकरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली आणि धुळे येथील विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ आरोपींना दोषी ठरविले. त्याविरुद्ध अपिले झाली. तथापि दस्तऐवजांवर उभी असलेली तक्रार तेरा वर्षे टिकू शकते, हे यातून दिसते. फिर्यादीमागे पदाचे बळ होते, हेही विसरता येत नाही. आपल्या वाणिज्य शाखेतून बाहेर पडून पतसंस्था, डाळ मिल वा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याजवळ ते बळ नसते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, तक्रारदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या मूळ तक्रारीचा तपास विनाविलंब व स्वतंत्रपणे पूर्ण व्हावयास हवा. दोन, तपास बंद करावयाचा असल्यास त्याची कारणे कुटुंबीयांस व समाजास कळावीत. तीन, तक्रार एका व्यक्तीच्या जिवावर अवलंबून राहू नये, यासाठी दिनांकित कागदपत्रांच्या प्रती एकाहून अधिक सक्षम अधिकाऱ्यांकडे असाव्यात. लेखापरीक्षण व व्यवसाय-नीती शिकविताना विद्यार्थ्यांना हेही सांगणे अध्यापकांचे कर्तव्य आहे. अफवांचा निषेध करून लोकसंशय दूर होत नाही. मृताने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तरच तो ओसरतो.