इंजिनचं काम काढायचं, की इंजिनच बदलायचं?

सुरगाणा तालुक्यात अवजड गाडीचं इंजिन बसलं की मालक मिस्तरीला आधी एकच गोष्ट विचारतो: काम काढायचं, की इंजिनच बदलायचं? हतगडच्या, सापुताऱ्याच्या घाटांत लाकूड, भात, खडी, अलीकडे स्ट्रॉबेरी वाहणाऱ्या गाड्यांच्या पिढ्या बदलल्या, पण हा प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर मात्र गेल्या सत्तर वर्षांत इतकं बदललं आहे, की वडिलांनी ज्या हिशोबाने गाडी सांभाळली त्याच हिशोबाने मुलगा चालला तर तो हमखास बुडतो.

सुरुवात 1954 पासून धरायला हवी. त्या वर्षी टाटांच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात ट्रक तयार होऊ लागले. करार 1969 मध्ये संपला, तरी जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं टाटाच्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत. 692 आणि त्यानंतरचं 697 ही इंजिनं त्याच घराण्यातली. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणून 697. देशभर लाखो गाड्यांत हेच इंजिन असल्याने पिस्टन, लायनर, बेअरिंग कुठल्याही बाजारपेठेत मिळे. सुरगाण्याच्या माणसाला फार तर वणी, पिंपळगाव किंवा नाशिक गाठावं लागे. त्या काळात इंजिन बदलण्याचा विचार कोणी करतच नसे. नवं इंजिन आवाक्याबाहेर, आणि जुनं चार वेळा उभं करता येईल इतकं जाड लोखंडाचं. इंजिन खाली काढलं म्हणजे ‘काम’ ठरलेलंच.

तो निर्णय बरोबर होता, कारण त्या इंजिनांत झीज होणारी प्रत्येक गोष्ट मोजता येई आणि मोजलेली भरून काढता येई. क्रँक ओरखडली तर ग्राइंडिंगला द्यायची. पाव मिलिमीटर अंडरसाइज, मग अर्धा, मग पाऊण, फार तर एक, आणि त्या मापाची बेअरिंग घालायची. त्यापुढे मात्र क्रँकचा वरचा कडक थर संपलेला असतो. तिथे हट्ट धरणाऱ्याची गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा चेनकप्पीला लटकते.

खरा निकाल ब्लॉकवर लागायचा, आणि आजही लागतो. तेल संपून बेअरिंग वितळलं, कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला, की ते इंजिन संपलं. भोक वेल्डिंगने बुजतं, पण क्रँकची सगळी बेअरिंगघरं एका सरळ रेषेत राहतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. भोक दिसतं, तडा दिसत नाही. त्यासाठी जुन्या मिस्तरींची पद्धत अशी: ब्लॉक धुऊन कोरडा करायचा, संशय असेल तिथे रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं आणि वरून खडूची पूड घासायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटते. दोन सिलिंडरांच्या मधे किंवा मेन बेअरिंगच्या घरात ती रेघ दिसली की मिस्तरी हातातला पाना खाली ठेवतो. खर्चाचा अंदाज याच्यानंतर द्यायचा असतो. आधी अंदाज देणाऱ्याकडे गाडी उघडू नये, असं मी उघडपणे म्हणतो.

या भागात इंजिनं बिघडली त्यांतली बरीचशी पाण्यापायी. चढावर गाडी तापली की ओहोळाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं, कूलंटचं नावही काढायचं नाही, ही सवय फार जुनी. त्याने आत क्षार धरतात आणि पाणी खेळायच्या वाटा अरुंद होतात. ओल्या लायनरच्या (पाणी थेट लायनरला लागणाऱ्या) इंजिनात तर लायनरला बाहेरून सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात आणि एक दिवस पाणी तेलात उतरतं. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसेपर्यंत बेअरिंगचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

1993 मध्ये टाटा आणि कमिन्स एकत्र आले, आणि 5.9 लिटरचं बी सिरीजचं इंजिन टाटाच्या ट्रकांत आलं. त्याचा पिस्टन वेगळ्या लायनरमध्ये चालत नाही, थेट ब्लॉकमध्येच चालतो. त्यामुळे कामाची तऱ्हा बदलली. जागच्या जागी लायनर ठोकून गाडी उभी करणं संपलं, ब्लॉक चांगल्या मशीन शॉपमध्ये नेऊन बोअर करणं किंवा स्लीव्ह बसवणं आलं. याच काळात ‘हाफ इंजिन’ बदलण्याची चाल रुळली: ब्लॉक, क्रँक, पिस्टन तयार मिळवायचे, हेड आणि पंप आपलेच वापरायचे. पुढे कंपन्यांनीही जुनं इंजिन परत घेऊन कारखान्यात नव्याने बांधलेलं वॉरंटीसह द्यायला सुरुवात केली. टाटा मोटर्सची प्रोलाइफ ही त्यातलीच योजना. काम आणि बदल यांच्या मधली ही तिसरी वाट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. इथले अनेक मालक तिची चौकशीही करत नाहीत, याचं वाईट वाटतं.

पुढे धुराचे नियम कडक होत गेले: 2010 मध्ये बीएस-3, 2017 मध्ये बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 देशभर लागू झालं, आणि हिशोबाचा पायाच सरकला. जुन्या यांत्रिक पंपाचं नोझल दोन-अडीचशे बारच्या दाबाला उघडे, या नियमांसाठी आलेल्या कॉमन रेलमध्ये दाब दीड-दोन हजारांवर जातो. अशा इंजेक्टरला डिझेलमधलं थोडं पाणीही सोसत नाही. नाशिककरांना यात अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे देशातल्या किती तरी गाड्यांचे नोझल सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, तयार झाले. पण तेच इंजेक्टर सुरगाण्यात तपासायचे तर बेंच नाही, आणि नवीन बसवला तर त्याचा कोड स्कॅनरने ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, द्यावा लागतो.

यातून एक फरक असा पडला, जो मालकांनी नीट समजून घ्यायला हवा. 697 चं काम थोडं कच्चं झालं तर गाडी तेल पीत, धूर सोडत का होईना, वर्षभर भाडं मारून देत असे. बीएस-6 गाडीत जळलेल्या तेलाची राख डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते, पुढचा कॅटॅलिस्टही निकामी होतो. कच्च्या कामाचं बिल मग इंजिनच्या कामापेक्षा जड जातं. नव्या गाडीत स्वस्तातलं काम नावाची गोष्टच उरलेली नाही.

लोखंडाशिवाय अंतराचाही हिशोब आहे. 2022 च्या अखेरीस इथल्या सीमेवरच्या काही गावांनी सोयी मिळत नाहीत म्हणून गुजरातेत जाण्याची मागणी केली, तेव्हा खराब रस्ते हे त्यातलं मोठं कारण होतं. बंद पडलेली गाडी टोचन लावून अशा रस्त्यांनी नाशिकपर्यंत न्यायची, मशीन शॉपमध्ये नंबर लागेपर्यंत थांबायचं, आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेला भरायचा. काम बदलापेक्षा स्वस्त दिसलं तरी उभ्या गाडीचे दिवस धरले की पारडं फिरतं. उलट गाडी पंधरा वर्षांपुढची असेल तर नव्या इंजिनात पैसे घालण्याआधी फिटनेसचं बघावं. एप्रिल 2022 मध्ये अशा अवजड वाहनाच्या फिटनेस नूतनीकरणाचं शुल्क 12,500 रुपयांवर गेलं, आणि तपासणीत चेसिस, ब्रेक, धूर सगळंच येतं. भंगारातून आणलेलं इंजिन घालणाऱ्याने तर त्याची कागदपत्रं आधी पाहावीत. आरसीवर नवा इंजिन नंबर चढवला नाही तर अपघाताच्या दाव्याच्या वेळी विमा कंपनी त्याकडेच बोट दाखवते.

माझं मत सरळ आहे. ब्लॉक शाबूत, क्रँक मापात आणि गाडी बीएस-3 किंवा त्याआधीची असेल तर कामच करावं, आणि ते एकदाच, नीट करावं. ब्लॉक गेला असेल तर कंपनीचं बांधलेलं इंजिन घ्यावं. बीएस-6 मध्ये मात्र इंजिन खोलण्याआधी स्कॅनर लावून इंजेक्टर, टर्बो, डीपीएफ यांची अवस्था पाहावी, कारण निम्मा खर्च तिथे दडलेला असतो. 2020-21 मध्ये घेतलेल्या गाड्या आता वॉरंटीबाहेर पडू लागल्या आहेत. त्यांची कामं वणीच्या पलीकडे न नेता होऊ शकतील, असा स्कॅनर आणि तो वाचता येणारी आयटीआयची दोन-चार मुलं या तालुक्याला लवकर मिळायला हवीत.