उत्पत्ती ग्रंथातील दैवी शिक्षा आणि दया

उत्पत्ती ग्रंथातील दैवी शिक्षा आणि दया हा बायबलच्या अभ्यासातील एक महत्त्वाचा विषय आहे. उत्पत्ती हे हिब्रू बायबलचे, म्हणजेच ख्रिस्ती परंपरेतील जुन्या कराराचे, पहिले पुस्तक होय. त्याच्या पहिल्या १९ अध्यायांत आदाम व हव्वा यांची एदेन बागेतून हकालपट्टी, काइनाने केलेली हाबेलाची हत्या, नोहाच्या काळचा जलप्रलय, बाबेलचा बुरूज आणि सदोम व गमोरा या नगरांचा नाश अशा शिक्षेच्या पाच प्रमुख कथा येतात. या कथांतील शिक्षा अपराधाच्या प्रमाणात आहे का, अपराध्यांबरोबर निरपराधांनाही ती भोगावी लागते का आणि एकाला मिळालेली दया दुसऱ्याला का मिळत नाही, या प्रश्नांची चर्चा ज्यू व ख्रिस्ती आणि पुढे इस्लामी परंपरेतही झाली आहे. हे प्रश्न केवळ नंतरच्या टीकाकारांचे नाहीत. सदोमच्या कथेत अब्राहाम हाच प्रश्न खुद्द परमेश्वराला विचारतो.

संकल्पना

हिब्रू भाषेत न्यायनिवाड्यासाठी 'मिश्पात' आणि नीतिमत्तेसाठी 'त्सदाका' हे शब्द वापरले जातात. दयेसाठी असलेला 'रहमीम' हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी संबंधित आहे. ज्यू धर्मगुरूंच्या परंपरेत ईश्वराची दोन 'परिमाणे' मानली जातात: एक न्यायाचे व दुसरे दयेचे. 'एलोहीम' हे नाव न्यायाचे आणि चार अक्षरी पवित्र नाव दयेचे निदर्शक समजले जाते. उत्पत्तीवरील 'बेरेशीत रब्बा' या प्राचीन भाष्यसंग्रहात याविषयी एक दृष्टांत आहे. राजाजवळ नाजूक पेले होते. केवळ गरम पाणी ओतले तर ते तडकतील आणि केवळ थंड ओतले तरीही फुटतील, म्हणून त्याने दोन्ही मिसळून ओतले. त्याचप्रमाणे केवळ न्यायावर किंवा केवळ दयेवर जग टिकणार नाही, असे हे भाष्य सांगते.

प्रमुख कथा

एदेन बाग

बऱ्यावाइटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ खाल्ल्यास त्याच दिवशी मृत्यू येईल, असा इशारा आदामाला दिलेला असतो. प्रत्यक्षात फळ खाल्ल्यावर त्या दिवशी कोणीही मरत नाही आणि आदाम ९३० वर्षे जगतो. 'योबेल' या प्राचीन ज्यू ग्रंथाने या विसंगतीचे उत्तर असे दिले की, ईश्वराचा एक दिवस १००० वर्षांचा असतो व आदाम त्याच 'दिवशी' मरण पावला. अनेक आधुनिक अभ्यासक मात्र येथे शिक्षेची सौम्यता पाहतात.

या कथेत शाप सर्पाला आणि भूमीला दिला जातो. मानवाच्या वाट्याला कष्ट, प्रसूतिवेदना व हद्दपारी येते, पण त्याला उद्देशून 'शापित' हा शब्द येत नाही. बागेतून बाहेर काढण्यापूर्वी परमेश्वर त्या दोघांसाठी कातड्याची वस्त्रे करतो. कथेविषयीचा मुख्य आक्षेप असा आहे की, फळ खाण्यापूर्वी ज्यांना बरेवाईट कळत नव्हते त्यांना दोषी कसे धरावे? दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित इरेनियस याने आदाम व हव्वा यांना बालकांसारखे अपरिपक्व मानून या घटनेकडे मानवाच्या वाढीतील एक टप्पा म्हणून पाहिले. याउलट ऑगस्टीनच्या मते आदामाचे ज्ञान व इच्छास्वातंत्र्य पूर्ण होते, म्हणून त्याचा अपराधही पूर्ण होता.

काइन आणि हाबेल

शेतकरी काइन आणि मेंढपाळ हाबेल हे दोघे भाऊ अर्पणे आणतात. हाबेलाचे अर्पण स्वीकारले जाते, काइनाचे नाही. हाबेलाने कळपातील पहिलटकरू आणि त्यांची चरबी आणली, एवढेच मूळ कथा सांगते; निवडीचे कारण ती स्पष्ट करत नाही. ही उणीव नंतरच्या परंपरांनी भरून काढली. प्राचीन ग्रीक भाषांतराने काइनाने अर्पणाची विभागणी नीट केली नसल्याचे सुचवले, तर नव्या करारातील 'इब्री लोकांस पत्र' यात हाबेलाच्या विश्वासावर भर दिला आहे.

हत्येनंतर काइनाला देहदंड मिळत नाही. भूमी त्याला पीक देणार नाही व तो भटकत राहील, अशी शिक्षा होते. आपल्याला कोणीही मारेल अशी भीती त्याने व्यक्त केल्यावर परमेश्वर त्याच्यावर एक खूण करतो. पुढे ही खूण कलंकाचे चिन्ह म्हणून प्रसिद्ध झाली, पण मूळ कथेत ती संरक्षणाची आहे. काइनाच्या उद्गारातील 'आवोन' या हिब्रू शब्दाचे 'अपराध' व 'शिक्षा' असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे तो शिक्षेबद्दल तक्रार करतो की अपराधाची कबुली देतो, हे भाषांतरकाराच्या निवडीवर अवलंबून राहते. या दयेचा दुरुपयोगही ग्रंथातच दिसतो. काइनाचा वंशज लामेख सातपट सूडाच्या वचनाचा आधार घेऊन स्वतःसाठी सत्त्याहत्तरपट सुडाची बढाई मारतो.

जलप्रलय

पाचही कथांतील सर्वांत व्यापक शिक्षा जलप्रलयाची आहे. मानवाच्या दुष्टतेमुळे परमेश्वराला त्याला निर्माण केल्याचे दुःख होते. नोहाचे कुटुंब आणि तारवातील प्राणी वगळता भूमीवरील सर्व जीव नष्ट होतात. त्यात ज्यांच्यावर नैतिक दोष ठेवता येत नाही अशी बालके व पशू येतात, परंतु त्यांच्याविषयी कथा वेगळे स्पष्टीकरण देत नाही.

मेसोपोटेमियातील प्रलयकथांशी तुलना केल्यास या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. 'अत्रहासिस' काव्यात माणसांच्या गोंगाटाने त्रस्त झालेला एनलिल देव प्रलय आणतो आणि दुसरा देव, एन्की, एका माणसाला वाचवतो. 'गिल्गामेश' महाकाव्याच्या अकराव्या मृत्तिकापट्टिकेत हाच देव, तेथे इआ या नावाने, एनलिलाला दोष देतो व शिक्षा ज्याच्या-त्याच्या अपराधापुरती असावी असे सुनावतो. तेथे नाश करणारा आणि वाचवणारा हे दोन वेगळे देव आहेत. उत्पत्तीत दोन्ही कृत्ये एकाच ईश्वराची असल्याने न्याय आणि दया यांतील ताण त्याच्या ठायीच एकवटतो.

या ताणाचे सर्वांत ठळक उदाहरण प्रलयानंतर दिसते. सहाव्या अध्यायात मानवाच्या मनातील कल्पना दुष्ट असणे हे नाशाचे कारण म्हणून दिले आहे. आठव्या अध्यायात जवळपास त्याच शब्दांत तीच गोष्ट पुन्हा येते, पण आता ती पुन्हा असा नाश न करण्याच्या निश्चयाशी जोडली जाते. प्रलयाने मानवाचा स्वभाव बदललेला नाही. बदल झाला आहे तो ईश्वराच्या प्रतिसादात. या निश्चयाचे चिन्ह म्हणून ढगात धनुष्य ठेवले जाते. 'केशेत' हा हिब्रू शब्द इंद्रधनुष्य व युद्धातील धनुष्य या दोहोंसाठी वापरला जातो, म्हणून काही अभ्यासक यात शस्त्र बाजूला ठेवल्याची प्रतिमा पाहतात.

प्रलयानंतरच्या एका प्रसंगात हाम आपल्या पित्याचा, नोहाचा, अवमान करतो, पण नोहा शाप देतो तो हामाचा मुलगा कनान याला. हा शाप ईश्वराने उच्चारलेला नाही. तरीही पुढील काळात आफ्रिकी लोकांच्या गुलामगिरीचे समर्थन करण्यासाठी या कथेचा वापर करण्यात आला.

सदोम आणि गमोरा

सदोम व गमोरा यांच्याविषयीचा आक्रोश ऐकून परमेश्वर चौकशीसाठी येतो आणि आपला हेतू अब्राहामाला कळवतो. नीतिमानांचा नाश दुष्टांबरोबर करणे हे सर्व जगाच्या न्यायाधीशाला शोभेल काय, असा अब्राहामाचा प्रश्न आहे. नगरात ५० नीतिमान असतील तर काय, येथून सुरू झालेली त्याची विनवणी ४५, ४०, ३०, २० असे टप्पे घेत १० वर येऊन थांबते.

अब्राहाम केवळ नीतिमानांना बाहेर काढण्याची मागणी करत नाही. थोड्या नीतिमानांसाठी संपूर्ण नगराला क्षमा व्हावी, असे त्याचे म्हणणे आहे. विसाव्या शतकातील जर्मन अभ्यासक गेरहार्ड फॉन राड यांनी या मुद्द्याकडे विशेष लक्ष वेधले. अनेकांच्या पापात थोडे निर्दोष भरडले जातात ही जुनी समजूत येथे उलट केली जाते आणि थोड्यांची नीतिमत्ता अनेकांना तारू शकेल का, असे विचारले जाते.

शेवटी दहाही नीतिमान सापडत नाहीत. लोट व त्याच्या दोन मुली वाचतात. लोटाची पत्नी मागे वळून पाहिल्यामुळे मिठाचा खांब होते. लोटाच्या विनंतीवरून सोअर हे लहान गाव राखले जाते. नगराचे सर्व पुरुष लोटाच्या घराभोवती जमले होते, असे कथा सांगते. तेथील मुलांविषयी ती मौन बाळगते. सदोमचे पाप कोणते, याबाबतही एकवाक्यता नाही. उत्पत्तीत पाहुण्यांवरील हिंसेचा प्रयत्न वर्णिला आहे, तर यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात गर्व, सुबत्ता आणि गरिबांकडे केलेले दुर्लक्ष यांवर भर आहे.

कथांची समान रचना

ब्रिटनमधील अभ्यासक डेव्हिड क्लाइन्स यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पंचग्रंथाविषयीच्या पुस्तकात उत्पत्तीच्या पहिल्या ११ अध्यायांतील समान क्रम मांडला: पाप, ईश्वराचे वक्तव्य, शिक्षेतील सौम्यता आणि शिक्षा. कातड्याची वस्त्रे, काइनाची खूण आणि नोहाची सुटका ही सौम्यतेची उदाहरणे होत. बाबेलच्या कथेत मात्र भाषांचा गोंधळ व पांगापांग झाल्यानंतर दयेचे कोणतेही चिन्ह येत नाही. फॉन राड यांच्या मते ते चिन्ह बाराव्या अध्यायात, अब्राहामाला दिलेल्या आशीर्वादाच्या वचनात, सापडते.

ग्रंथाच्या रचनेचा अभ्यास करणारे विद्वान या विसंगतींचे वेगळे कारण देतात. फ्रेंच वैद्य जाँ आस्त्रुक यांनी १७५३ साली ईश्वराच्या दोन नावांवरून उत्पत्तीमागे भिन्न स्रोत असल्याचे सुचवले. या दृष्टिकोनानुसार प्रलयकथेत दोन कथने गुंफलेली असून ईश्वराची वेगवेगळी चित्रे त्यामुळेच शेजारी-शेजारी आली आहेत.

बायबलमधील पुढील प्रतिसाद

निर्गम ग्रंथात ईश्वर दयाळू व मंदक्रोध असल्याचे सांगतानाच पूर्वजांच्या अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, असेही म्हटले आहे. अनुवाद ग्रंथ मात्र पित्याच्या अपराधासाठी पुत्राला देहदंड देण्यास मनाई करतो. यहेज्केलचा अठरावा अध्याय प्रत्येकाला आपापल्याच पापासाठी जबाबदार धरतो. योनाच्या ग्रंथात निनवे नगराला क्षमा मिळते आणि शेवटी तेथील १,२०,००० हून अधिक अजाण माणसांचा व पुष्कळ जनावरांचाही उल्लेख होतो. प्रलय आणि सदोम यांच्या कथांत ज्यांचा स्वतंत्र विचार झाला नव्हता, त्यांची गणना येथे दयेचे कारण म्हणून केलेली आहे.

धार्मिक परंपरांतील अर्थनिर्णय

ज्यू परंपरेत नोहा व अब्राहाम यांची तुलना वारंवार केली जाते. नोहा 'त्याच्या पिढीत' नीतिमान होता, या शब्दांचा अर्थ काही धर्मगुरूंनी स्तुतिपर घेतला, तर काहींच्या मते तो अब्राहामाच्या काळात सामान्य ठरला असता. नोहाने आपल्या पिढीसाठी प्रार्थना केली नाही, हा त्याच्यावरील प्रमुख आक्षेप आहे.

ख्रिस्ती परंपरेत मार्सियन याने दुसऱ्या शतकात जुन्या करारातील कठोर ईश्वर आणि येशूचा पिता हे दोन भिन्न देव असल्याचे प्रतिपादन केले. चर्चने हे मत नाकारले. पाश्चात्त्य चर्चमध्ये ऑगस्टीनच्या प्रभावामुळे आदामाचा दोष सर्व मानवांकडे येतो, ही आद्यपापाची शिकवण रूढ झाली. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा मृत्यूसारखे परिणाम वारशाने येतात असे मानते, पण वैयक्तिक दोष वारशाने येतो असे मानत नाही.

कुराणात आदाम पश्चात्ताप करतो आणि त्याला क्षमा मिळते. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहत नाही, हे तत्त्व तेथे अनेकदा येते. नूह (नोहा) ९५० वर्षे आपल्या लोकांत राहतो व त्यांना इशारा देतो, म्हणजे शिक्षेपूर्वी पुरेशी संधी दिली जाते. त्याचा एक मुलगा मात्र बुडतो. इब्राहीम लूताच्या लोकांसाठी रदबदली करतो, असाही उल्लेख आहे.

मराठीतील कथन

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' या गोव्यात १६१६ साली छापल्या गेलेल्या काव्यात उत्पत्तीतील कथा मराठीत आल्या. त्याच्या 'पैले पुराण' या भागात जगाची उत्पत्ती व आदिमानवाचे पतन यांसह जुन्या करारातील कथानक असून 'दुसरे पुराण' येशूच्या चरित्राविषयी आहे. त्यामुळे प्रारंभीच्या शिक्षेच्या कथा तेथे पुढील तारणकथेची पूर्वपीठिका ठरतात.