कुंपणावरची फुले आणि कॉन्स्टन्स स्प्राय

वसई-विरारच्या बाजूने पहाटेच्या गाड्या दादरकडे निघतात, तेव्हा त्यांच्या मालडब्यांत फुलांच्या टोपल्या व बोचकी असतात. मोगऱ्याची कळी, सोनचाफा, तुळस, वेण्यांचे साहित्य, हा सर्व माल बोरिवली, अंधेरी ही उपनगरे मागे टाकून दादर पश्चिमेच्या मीनाताई ठाकरे फूलमंडईत उतरतो. झेंडू, शेवंती व सुटी गुलछडी देशावरून मोटारींनी येते. तेथे मोगरा किलोवर विकला जातो, सोनचाफा शेकड्यावर. आणि दिवस वर येण्याच्या आत त्यातील बराचसा माल आल्या वाटेने परत उपनगरांकडे वळतो. अंधेरीची पंचतारांकित हॉटेले, मुलुंड-घाटकोपरचे विवाहमंडप, गोरेगावची चित्रनगरी ही त्याची गिऱ्हाइके होत. मात्र या परतीच्या प्रवासात त्याच फुलाची किंमत अनेक पटींनी वाढलेली असते. शेतात फूल वजनावर जाते आणि मंडपात ते नजरेवर जाते. मधला हा फरक कोणाच्या पदरी पडतो, व त्यातील काही भाग मळ्यात परत आणता येईल काय, हा विचार आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचा आज हेतू आहे.

हा फरक ज्याच्या हातात निर्माण होतो तो पुष्परचनाकार. आजकाल तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही दिसू लागला आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतकऱ्यास पडद्यावर आणले, हे खरे. परंतु फूल पिकविणाऱ्यापेक्षा फूल मांडणाऱ्याची कीर्ती अधिक लवकर पसरते, हा सर्व देशांतील अनुभव आहे. त्या धंद्याला आजचे स्वरूप ज्यांनी दिले त्यांत कॉन्स्टन्स स्प्राय या इंग्रज बाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचे चरित्र शेतकऱ्याने वाचण्याजोगे आहे. कारण त्यांनी ज्या वस्तूंवर नाव कमावले, त्यांतील निम्म्याअधिक आपल्या बांधावर फुकट वाढतात.

बाईंचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी डर्बी येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव फ्लेचर. तरुणपण आयर्लंडात गेले. तेथे त्यांनी आरोग्य व शुश्रूषा या विषयांचा अभ्यास केला आणि क्षयरोगाविषयी खेड्यापाड्यांतून व्याख्यानेही दिली. १९२१ साली त्या पूर्व लंडनमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. कारखान्यांत काम करणाऱ्या, चौदा-पंधरा वर्षांच्या गरीब मुली या शाळेत शिकावयास येत. त्यांस स्वयंपाक, शिवण व पुढे फुलांची मांडणी शिकविता शिकविता बाईंचा स्वतःचा हात तयार झाला. वयाची चाळिशी उलटेपर्यंत या बाईंस कोणी व्यावसायिक म्हणून ओळखत नव्हते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करितो. धंदा बदलण्यास वय आडवे येते, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

१९२९ साली त्यांनी लंडनमध्ये 'फ्लॉवर डेकोरेशन्स' या नावाचे लहानसे दुकान उघडले. पहिले मोठे काम मिळाले ते ग्रॅनाडा चित्रपटगृहांचे मालक सिडनी बर्नस्टाइन यांच्याकडून. हेच गृहस्थ पुढे दूरचित्रवाणीच्या धंद्यात शिरले व १९५६ साली त्यांच्या कंपनीचे प्रक्षेपण सुरू झाले. पडदा आणि फुले यांचे नाते असे जुने आहे. आपल्याकडेही मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली व १९७७ साली गोरेगावला चित्रनगरी झाली, तेव्हापासून उपनगरांतील हार-तोरणांच्या धंद्यास हे एक कायमचे गिऱ्हाईक लाभले.

परंतु बाईंचे नाव झाले ते एका अत्तराच्या दुकानाच्या खिडकीमुळे. ओल्ड बाँड स्ट्रीट हा लंडनमधील श्रीमंतांचा रस्ता. तेथील ॲटकिन्सन या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजविण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळची रीत अशी की, हरितगृहातील महागडी फुले आणावी, त्यांच्या देठांना तारा गुंडाळाव्या आणि नेचाच्या पानांत ती ताठ उभी करावी. बाईंनी काय केले, तर शेताच्या कुंपणावरची रानफुले, वेली व गवते आणून ती त्या खिडकीत मांडली. ती पाहण्यास लोकांची रीघ लागली. ज्या वेलीला शेतकरी कोयत्याने तोडून बांधाबाहेर फेकतो, ती खिडकीत लोंबती पाहून सरदार घराण्यांतील बायका थबकल्या.

येथून पुढे बाईंनी कोणतीही वनस्पती त्याज्य मानली नाही. केल नावाची कोबीच्या कुळातील भाजी आहे. तिची कुरळी पाने त्यांनी गुलाबांच्या जोडीस बसविली, आणि लंडनच्या बड्या घरांतून भाजीचा पाला मेजावर मिरवू लागला. आपल्या मोरवेलीच्या कुळातील एक रानवेल तिकडे कुंपणावर माजते. तिचे पांढरे पिसासारखे तुरे त्यांनी हिवाळ्यात वापरले. फळांच्या डहाळ्या, धान्याची कणसे, सुकलेली बोंडे, काहीच वर्ज्य नव्हते. भांड्यांचीही तीच तऱ्हा. काचेच्या उंची फुलदाण्या बाजूस सारून त्यांनी रस्सा वाढण्याचे पात्र, पाखराचा पिंजरा, भट्टीतील तबक अशा वस्तूंत फुले मांडली. गरीब मुलींना शिकविलेल्या बाईंच्या ठायी ही काटकसर स्वाभाविक होती. श्रीमंतांनी तिला कला म्हटले व तिचे दाम मोजले.

१९३४ साली दुकान मेफेअर या उच्चभ्रू वस्तीत गेले आणि कामकऱ्यांची संख्या सत्तरपर्यंत पोहोचली. त्याच सुमारास त्यांचे पुष्परचनेवरील पहिले पुस्तक निघाले व शिक्षणवर्गही चालू झाले. राजघराण्याची कामे मिळू लागली. १९३७ साली गादी सोडलेल्या ड्यूक ऑफ विंडसर यांच्या विवाहाची फुलेही त्यांनीच सजविली. महायुद्धात फुलांची चैन बंद पडली, तेव्हा या बाई हात बांधून बसल्या नाहीत. १९४२ साली त्यांनी परसात भाजी पिकवून ती रांधावी कशी, याविषयी पुस्तक लिहिले. जुन्या जातींचे गुलाब रोपवाटिकांच्या याद्यांतून नाहीसे होत चालले होते. ते जमवून त्यांनी आपल्या बागेत जगविले. मालाची निवड ज्याला करावयाची, त्याने स्वतः माती हातात घेतली पाहिजे, हे त्यांच्या वागण्यात आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. आपल्याकडील किती सजावटकारांनी मोगऱ्याचा ताटवा पाहिला असेल, याविषयी आम्हांस शंका आहे.

२ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक झाला. मिरवणुकीच्या मार्गावरील व वेस्टमिन्स्टर ॲबे येथील पुष्पसजावटीची जबाबदारी बाईंवर होती. तो समारंभ एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. याच प्रसंगी परदेशी पाहुण्यांसाठी त्यांच्या संस्थेने कोंबडीचा एक थंड पदार्थ केला, त्यात आपल्याकडील मसाल्याची पूड होती. गंमत अशी की, तिकडील सामान्य माणसास आज तो पदार्थच अधिक ठाऊक आहे. ३ जानेवारी १९६० रोजी जिन्यावरून पडून बाईंचा अंत झाला. पुढल्याच वर्षी डेव्हिड ऑस्टिन यांनी आपला पहिला गुलाब बाजारात आणला, त्यास त्यांनी 'कॉन्स्टन्स स्प्राय' हे नाव दिले. २००४ साली लंडनच्या डिझाइन म्युझियममध्ये बाईंच्या कामाचे प्रदर्शन भरले, तेव्हा फुलांची मांडणी ही काय रचनाविद्या झाली, अशा वादातून त्या संस्थेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. ज्या कामाने सत्तर घरांच्या चुली पेटत होत्या, त्याविषयी ही नाके मुरडणे आम्हांस समजत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. कुंपणावरच्या वस्तूंची मांडणी हे लंडनला नवल वाटले, परंतु कोकणात ती घरोघरची रीत आहे. सिंधुदुर्गात व गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. तीत नारळ, सुपारीचे घोस, तवशी, कवंडळे, आंब्याचे टाळ व रानातील नाना फळे लोंबती सोडतात. गोव्यात तिच्या स्पर्धाही भरतात. दसऱ्यास बोरिवलीच्या स्थानकाबाहेर आदिवासी बायका आपट्याचे भारे, भाताच्या लोंब्या व आंब्याची पाने घेऊन बसतात. गौरींच्या वेळी तेरडा येतो. हा माल कोणी लाविलेला नसतो, आणि ज्या बाईने तो पहाटे रानातून आणिला तिच्याशी चार आण्यांची घासाघीस करणारा गृहस्थ तसाच पाला सजावटकाराच्या बिलात बिनतक्रार मान्य करितो.

दुसरीकडे प्लास्टिकच्या फुलांचे संकट आहे. चित्रीकरणाच्या दिव्यांच्या उष्णतेत खरे फूल लवकर मान टाकते, आणि तोच देखावा अनेक दिवस जसाच्या तसा लागतो. म्हणून खोट्या फुलांची सोय त्यांना गोड वाटते. मंडपवाल्यांनीही तोच मार्ग धरला. फूल उत्पादकांच्या तक्रारी वाढल्यावर २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने विधानसभेत अशा फुलांवर बंदी आणण्याचे आश्वासन दिले. बंदी योग्यच आहे. परंतु केवळ बंदीवर विसंबणारा बागाईतदार फार काळ तग धरणार नाही. सजावटकारास टिकणारे फूल हवे असेल तर ते आपण दिले पाहिजे, आणि येथेच मळ्यातील हयगय नडते.

सुट्या फुलाचा व दांड्याच्या फुलाचा धंदा हे दोन निराळे धंदे आहेत. एकेरी गुलछडी हारांसाठी सुटी जाते, दुहेरी गुलछडी दांड्यासह फुलदाणीत जाते. 'प्रज्वल' ही पहिल्या प्रकारची व 'सुवासिनी' ही दुसऱ्या प्रकारची जात आहे. ज्यास मंडपाचे गिऱ्हाईक धरावयाचे आहे त्याने लावणीपूर्वीच ही निवड करावी. दांडा सकाळच्या गारव्यात, धारदार सुरीने तिरका कापावा व कापताक्षणी स्वच्छ पाण्यात उभा करावा. बांधावर उन्हात ढीग घालून मग पाणी शिंपडण्यात अर्थ नाही. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावी, ती कुजून पाणी नासवितात. वसईकडील बागाईतदारांच्या घरी केळी व फुले एकाच पडवीत असतात, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पिकत्या केळ्यांतून व आंब्यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कार्नेशनसारखी फुले वेळेआधीच कोमेजतात. तेव्हा केळ्यांची आढी व दांड्याची फुले निरनिराळ्या खोल्यांत ठेवावी. आणि फुलांच्या जोडीस थोडा पाला, गवताचे तुरे, डहाळ्या व बोंडे यांची एक पेंढी नमुन्यादाखल अंधेरी-गोरेगावच्या एखाद्या सजावटकाराकडे घेऊन जावी, आणि तिचा भाव किलोवर न सांगता नगावर सांगावा.