हिशेबाची वही आणि आपण

आपल्या चळवळीत कविता लिहिणारे पुष्कळ आहेत, भाषण करणारे त्याहून अधिक आहेत. पण जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च लिहायला बसा म्हटले की माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. असे का व्हावे, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे. मी हिशेबाच्या धंद्यातला माणूस. वाणिज्य शाखेत शिकलो आणि पुढे सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करून पोट भरले. या शिक्षणाविषयी आणि कामाविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून माझा अनुभव आणि त्यातून निघालेले चार निष्कर्ष येथे मांडतो आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. गावगाड्यात लेखणी कुळकर्ण्याच्या हाती होती. वसूल किती, बाकी किती, कोणाच्या नावावर काय, हे सारे त्याच्या दप्तरात असे. गोळा झालेला वसूल तालुक्याला पोचविण्याच्या कामी मात्र महार लागे. ज्याने पैसा वाहून न्यायचा त्याला तो किती हे वाचता येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नष्ट झाली ती त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने. वतन गेले, पण लिहिलेल्या कागदाविषयीची धास्ती आपल्या हाडात राहिली.

माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरे आणि पुढच्या पाडव्याला हिशेब होई. मधल्या काळात घेतलेली उचल, दवापाण्याचे पैसे, नेलेली ज्वारी, हे सर्व मालकाच्या वहीत. मालक वाचून दाखवी, वडील मान डोलवीत आणि अंगठा उठवीत. घरी आल्यावर आई म्हणे, "ज्वारी चार पायल्या आणली, वहीत सहा कशा?" वडील गप्प बसत. उचल सालापेक्षा जास्त भरे आणि पुन्हा त्याच दारात नवे साल सुरू होई. आईचा हिशेब बरोबर होता, पण तो तोंडी होता. मालकाचा चुकीचा होता, पण तो लिहिलेला होता. दोन्हींची गाठ पडली की लिहिलेला जिंकतो, हा हिशेबशास्त्राचा पहिला धडा मी कॉलेजच्या आधीच शिकलो.

१९८० नंतरच्या वर्षांत तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला नाव घातले. वर्गात बहुतेक मुले दुकानदारांची आणि अडत्यांची. वही, पावती, हुंडी हे शब्द त्यांनी घरात ऐकलेले. मी तोवर धनादेश डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पुस्तकातले पहिलेच उदाहरण असे होते : रोख १०,००० रुपये आणून धंदा सुरू केला. मला प्रश्न पडला, हे दहा हजार आणले कोठून? पुस्तक तो प्रश्न विचारीत नाही. हिशेब भांडवल आल्यापासून सुरू होतो. ते कसे जमले, कोणाच्या श्रमातून जमले, हे वहीच्या बाहेर राहते.

तरीही हे शास्त्र मला आवडू लागले, आणि ते का आवडले हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात प्रथम मांडली ती लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने, १४९४ साली व्हेनिसमध्ये. तिचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. घेणाऱ्याच्या नावे पडते, देणाऱ्याचे जमा होते. कोणी काही घेतले असेल तर कोणी तरी ते दिलेलेच असले पाहिजे, आणि दोघांची नोंद झालीच पाहिजे. ज्याच्या बापाच्या देण्याची कधी नोंदच झाली नाही, त्याला हा नियम न्यायाच्या कलमासारखा वाटला तर नवल नाही.

वर्षाच्या शेवटी सर्व खात्यांच्या बाक्यांचे तेरीज पत्रक करतात. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो. पण आमच्या प्राध्यापकांनी एक दिवस फळ्यावर लिहिले : तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नाही. काही चुका तेरजेत दिसतच नाहीत. एका चुकीने दुसरी भरून निघते. इमारतीचा खर्च दुरुस्तीत दाखवला तरी बेरीज तीच येते. आणि सर्वांत अवघड ती विसरचूक. व्यवहार वहीत चढलाच नाही, तर नावेची बाजूही कमी आणि जमेचीही कमी. पत्रक अगदी चोख जुळते. मी बाकावर बसून वेठीचा विचार करीत होतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे फुकट श्रम कोणत्याच वहीत चढले नाहीत, म्हणूनच तर या समाजाची तेरीज इतकी सुरेख जुळते. आज टॅलीसारख्या प्रणालीमुळे बेरजेच्या चुका जवळजवळ संपल्या आहेत. विसरचूक मात्र यंत्राला कळत नाही. ती माणसालाच शोधावी लागते.

पदवीनंतर सनदी लेखापाल व्हावे असे मनात होते. १९४९ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या व्यवसायात परीक्षेबरोबर सनदी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. तेव्हा ती तीन वर्षांची होती. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आहे. या मार्गावर आरक्षण नाही. प्रश्न केवळ गुणवत्तेचा असता तर माझी तक्रार नव्हती. पण उमेदवारीची जागा ओळखीने मिळते, विद्यावेतन तुटपुंजे असते, आणि त्यावर शहरात राहून खानावळ भागवायची असते. एका कार्यालयात माझे गुण पाहून झाल्यावर आडनाव विचारले, गाव विचारले, आणि "कळवतो" म्हणाले. ते अजून कळवताहेत. घरी पैशाची गरज होती. मी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा दिली आणि प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून जिल्ह्यातल्या लहान संस्था तपासू लागलो.

हे काम बाहेरून कोरडे दिसते. एसटीने गावी जायचे, सचिव कपाट उघडतो, रोकडवही, खतावणी, सभेचे इतिवृत्त आणि पावत्यांचे गठ्ठे पुढे येतात. प्रत्येक खर्चामागे प्रमाणक आहे काय, त्यावर सही आहे काय, हातातली रोकड वहीशी जुळते काय, हे पाहायचे. शेवटी संस्थेला अ, ब, क किंवा ड वर्ग द्यायचा. वही बोलत नाही, पण शाईचा रंग बोलतो. बारा महिन्यांच्या पावत्या एकाच बैठकीत लिहिलेल्या असल्या की त्या लगेच ओळखू येतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट सांगतो. आपल्याच लोकांची एक मजूर सहकारी संस्था माझ्याकडे तपासणीला आली. अध्यक्ष आपला, सभासद आपले. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी तपासणी केली. हजेरीपट होते, मजुरीची प्रमाणके होती, तेरीज जुळत होती. मला अभिमान वाटला. एकाही मजुराला न भेटता मी ब वर्ग दिला आणि परतलो.

दुसऱ्या वर्षी हजेरीपट पुन्हा पाहिला. सत्तावीस नावांपुढचे अंगठे एकाच बोटाचे वाटत होते. मी वस्तीत गेलो. ज्यांची नावे होती त्यांतले काही साखर कारखान्याच्या तोडीवर गेलेले; एक जण तर वारलेला. बांधकामाचे काम एक बाहेरचा कंत्राटदार यंत्राने उरकीत होता. संस्थेला मिळणारी सवलतीची कामे त्याची, पैसाही त्याचा, फक्त नाव आपले. मी टिपणे काढू लागलो त्या रात्री अध्यक्ष घरी आले. वयाने माझ्या वडिलांएवढे.

"जयभीम साहेब. समाजाचा माणूस तपासायला आला म्हणून आम्ही निवांत होतो. तुम्हीच मुळावर उठलात?"

मी विचारले, "काका, पैसे कोणी घेतले?"

"मला महिन्याचे थोडे मिळत्यात. सह्या माझ्या हायेत, पण पैसा म्या कधी मोजला न्हाई."

ती रात्र मला झोप लागली नाही. अहवाल लिहावा तर आपली संस्था बुडते आणि गावाला हसायला निमित्त मिळते. न लिहावा तर सत्तावीस मजुरांची मजुरी पुन्हा एकदा विसरचूक होते, आणि या वेळी ती विसरणारा मी असतो. मी अहवाल लिहिला. पुढे चौकशी झाली, संस्था अवसायनात गेली. नुकसानीची जबाबदारी सहकार कायद्याच्या ८८ व्या कलमाखाली निश्चित झाली ती अध्यक्षांवर, कारण सही त्यांची होती. कंत्राटदाराची सही एकाही कागदावर नव्हती. तो सुटला.

यात माझाही वाटा आहे, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्याच वर्षी मी वस्तीत गेलो असतो तर त्या माणसावर एकाच वर्षाचा बोजा पडला असता. आपला माणूस म्हणून मी डोळे मिटले, आणि त्याची किंमत आपल्याच माणसाने मोजली. माझ्या बापाने न वाचता अंगठा दिला. काकांनी न मोजता सही दिली. अक्षर आले, पण हिशेब आला नाही, तर अंगठ्यात आणि सहीत फारसे अंतर राहत नाही.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी या गोष्टीचा विचार करावा, असे मला वाटते. आज आपल्या हक्काचा मोठा भाग अंदाजपत्रकात आणि वह्यांत आहे. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली. सरकारी हिशेबात ती ७८९ या गौण शीर्षाखाली दाखवली जाते. हा आकडा किती कार्यकर्त्यांना पाठ आहे? दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी या योजनेचा निधी वळवला गेला. माहितीच्या अधिकारात कागद मागणाऱ्यांनी आकडे वाचले, म्हणून ते उघडकीला आले आणि केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत ते मान्य करावे लागले. गावात तर गोष्ट आणखी सोपी आहे. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. नमुना ५ ची रोकडवही मागा, आणि तो खर्च खरोखर वस्तीत दिसतो काय ते चालत जाऊन पाहा. २००५ च्या कायद्याने तो अधिकार दिला आहे. वाचण्याची तयारी आपली हवी.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते हे आपण भाषणात सांगतो. १९१८ साली ते सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. १९२५ ते १९२८ या काळात तर ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. म्हणजे हा मार्ग त्यांनी आपल्यासाठी मोकळा करून ठेवला होता. आपण त्या वाटेने फार थोडे चाललो.

तेव्हा सुरुवात घरापासून करावी. येत्या जयंतीला वर्गणीची प्रत्येक पावती फाडावी, प्रत्येक खर्चाचे बिल ठेवावे, आणि पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावावा. तो लिहायला दहावीच्या पोरीला बसवावे. तिला एकच गोष्ट सांगावी : बेरीज जुळली म्हणून थांबू नकोस, जे लिहायचे राहिले आहे ते आधी शोध.