आईचा हंडा आणि बाळाचा मेंदू

शहापूर तालुक्यातल्या भातसा, तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. इकडे उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांवर आपल्या लेकीसुना, गरोदर असल्या तरी, डोक्यावर हंडे घेऊन चालतात. या कष्टाचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व त्यांची मुले तपासली. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, जास्त कष्ट करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या बाळांचे वजन आणि डोक्याचा घेर सरासरीने कमी भरला. पालेभाज्या, फळे, दूध जास्त खाणाऱ्यांची बाळे भरलेली होती. गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व खूप कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आठवणीच्या चाचण्यांत मागे राहिली. मज्जातंतूंवरचे आवरण घडायला हे जीवनसत्त्व लागते.

म्हणजे पोराची बुद्धी जातीने किंवा नशिबाने ठरत नाही. आईचे ताट आणि आईची विश्रांतीही ती घडवते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो याच विश्रांतीसाठी.

आपण काय करायचे? ब-१२ भाजीपाल्यात नसते. अंडी, मासे, सुकट, मटण, दूध, दही यांत असते. गरोदर बाईला उरलेसुरले नको, आधी वाढूया. पहिल्या तीन महिन्यांतच अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात तिचे नाव नोंदवूया. आणि तिच्या डोक्यावरचा हंडा घरातल्या पुरुषांनी आपल्या खांद्यावर घ्यावा.

जय भीम!