तीन पानं, २२,१०० हात

दौंड-पुणे गाडीत मांडीवर पेपर पसरून तीन पत्तीचा डाव बसला, की ठरवायचं एवढंच: आलेल्या पानांवर खेळायचं की पॅक करायचं? रमीसारखी पान उचलून हात सुधारायची सोय इथे नाही. म्हणूनच १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत मुख्यतः कौशल्य पाहिलं, तीन पानांच्या खेळात मात्र निव्वळ नशीब.

या नशिबाचा आवाका मोजता येतो. ५२ पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येतात. त्यांतल्या १६,४४० हातांत साधी जोडीही नसते. जोड्या ३,७४४, कलर (एकाच चिन्हाची पानं) १,०९६, सिक्वेन्स (ओळीची पानं) ७२०, ट्रेल (तिन्ही सारखी) अवघ्या ५२. प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळ) तर ४८च, म्हणजे ट्रेलहून दुर्मीळ; तरी रिवाजाने मान ट्रेलला! तीन एक्के सरासरी ५,५२५ डावांत एकदा. जाता-येता मिळून रोज ९० डाव खेळणाऱ्या भिडूला ते साधारण दोन महिन्यांच्या प्रवासात एकदा मिळावेत.

आता हे सगळे हात भारीपासून हलक्यापर्यंत ओळीने लावा. बरोबर मधोमध येतात राजा, दश्शी आणि दुर्री. एक्का वर असलेले आणि त्याहून भारी हात ९,५००. पुढे राजाचे हात मोजत गेलं, की ११,०५०वा इथेच सापडतो. न पाहता ब्लाइंड चाल देणाऱ्याच्या हातात याहून भारी पानं असण्याची शक्यता निम्मीच.

शिरूरच्या पारावर दोघेच खेळत असतील, तर हा हात बरोबरीचा. सहा जण बसले, की तोच सगळ्यांत भारी ठरण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांवर घसरते. कारण सहांतल्या कुणाकडे तरी जोडी किंवा त्याहून चांगलं असण्याची शक्यता ८३ टक्के. दुर्रीची जोडी आली म्हणून हुरळून जाऊ नये. बाकीच्या पाचांपैकी एकाकडेही जोडी किंवा वरचं काही नसेल, असं सुमारे २३ टक्के वेळाच घडतं.

सहाही जण शेवटपर्यंत थांबले, तर निम्म्याहून जास्त वेळा सरस ठरायला निदान राणीची जोडी लागते. ती किंवा त्याहून भारी पानं २,७८० हातांत येतात, म्हणजे आठांत एकदा. उरलेले सात डाव पॅक करायला जो कंटाळतो, त्याच्याच पैशांवर बाकीचे खेळत असतात.