बर्नआउट : खुणा ओळखा, सोबत शोधा

■ नेमकं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या स्पष्ट केली. तो आजार नव्हे, तर नोकरीत साचत गेलेल्या आणि वेळीच न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे.

■ तीन खुणा : अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. सॉफ्टवेअर डेव्हलपरला मग साधा बगही उघडवत नाही, कोड रिव्ह्यूतली किरकोळ सूचनाही जिव्हारी लागते.

■ मेंटॉर कोण? अशा वेळी मेंटॉरची सोबत शोधा. तो शक्यतो दुसऱ्या टीममधला अनुभवी सहकारी. त्याच्या हाती तुमचं अप्रेझल नसतं, त्यामुळे मनमोकळं बोलता येतं. ‘मार्गदर्शन करा’ असं मोघम न म्हणता एक नेमकी अडचण घेऊन जा. ओपन सोर्समध्येही सोबत मिळू शकते : २००५पासून चालणाऱ्या गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात नवख्यांना प्रकल्पातलेच मेंटॉर मिळतात.

■ एवढ्यावर भागत नसेल तर : मेंटॉर हा समुपदेशक नव्हे. झोप उडाली असेल, उदासी हटत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा २४ तास सुरू असते आणि मराठीतूनही बोलता येतं.